उन्हातले जावई

४ मार्च
नव्या फर्निचरने डोळे चुरचुरले आणि ‘नव्याचा वास आहे हो’ एवढ्यावर ज्यांची बोळवण झाली, त्या तुम्हा सर्वांसाठी मी आजवर व्यासपीठं गाजवली. आता फळ्यांच्या कारखान्यानेच मला नोकरीवर बोलावलंय: ग्राहकांपुढे खरं बोला म्हणून! राहायला घर, घरात कारखान्याचंच सगळं सामान. लेक चिमणी तिच्या दुमजली पलंगावरून उतरायला तयार नाही. सासूबाईंच्या नाकाला वास झोंबला. कपाट नव्या सुनेसारखं आहे, थोडे दिवस फणफणेल, मग रुळेल, असं म्हणत माझ्याकडे बघून हसल्या.

११ मार्च
कारखाना पाहिला. भुसा गोंदात कालवतात, तापवून दाबतात, की झाली फळी. त्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटत राहतो. डोळे, नाक, छाती जाळतो. वर्षानुवर्षं हुंगला तर कर्करोगाची भीती. किती सुटलेला चालेल, हे कायद्याने ठरवलंय. आमच्या फळ्यांच्या तपासणी-अहवालातला आकडा त्याच्या कितीतरी खाली! सभेत तो अहवाल मी फडकावला. टाळ्या थांबेनात.

२० मार्च
गच्चीवर गेले. काही फळ्या सुट्या सुट्या, ऊनवारा खात मांडलेल्या. कामगार त्यांना जावई म्हणतात. आठवडेच्या आठवडे वारा खाऊन वास उडाला, की तपासणीला हेच जातात. विक्रीचा माल मात्र गरमागरम, प्लास्टिकात बांधून, थेट तुमच्या घरी. मिस्त्री म्हणाले, बाई, जावयाचे लाड करावेच लागतात. मी हसले.
का हसले?

२ एप्रिल
उन्हाळा चढला तसा घरातला वासही. चिमणीचे डोळे लाल. खोकला. उशीवर नाकातलं रक्त. डॉक्टरांनी विचारलं, घरात नवं लाकूडकाम झालंय का? सासूबाई बोलणार, तोच मी नाही म्हटलं. कालच्या सभेत हेच डॉक्टर पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. लेकीच्या छातीपेक्षा मी त्या टाळ्या जपल्या. मी.

९ एप्रिल
कपाटामागे मेलेली पाल. सामान आलं त्या दिवशीच चेंगरली असावी. कुजली नाही. मुंग्या लागल्या नाहीत. प्रयोगशाळेत याच वायूच्या पाण्यात बुडवून बरणीत ठेवलेल्या बेडकासारखी, ताठ, डोळे उघडे.

१४ एप्रिल
आज सभा. माझ्या तोंडासमोरच्या माईकलाही तोच वास. पहिली रांग डोळे पुसत होती — भाषणाने नव्हे.
घरी आले, चिमणीला हाक मारली. तिने तोंड फिरवलं. आई, तू बोलू नकोस, डोळ्यांना लागतं, म्हणाली.

१५ एप्रिल
पलंग बाहेर फेकला. कपाटं फेकली. खिडक्या सताड उघड्या. घर रिकामं. वास आहे — मी श्वास सोडला की —
सासूबाई चिमणीला घेऊन निघाल्या. डॉक्टरांना खरं सांगा, एवढं मी कागदावर लिहून उंबऱ्यावर ठेवलं. त्यांनी तो कागद उचलला. मी पुढे झाले तर हात आडवा केला. येऊ नकोस, म्हणाल्या.

१६ एप्रिल
आवाज गेला. बरं झालं.
बोटं ताठ होताहेत. लिहिते.
दुकानदार अहवाल दाखवेल. तो जावयाचा. मानू नका. तुम्ही घेताय त्याच कपाटाची फळी तुमच्या डोळ्यांदेखत कापायला लावा, तोच तुकडा तपासायला पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत ते घरात —