पाणी न पिण्याची नोकरी

९ एप्रिल १९९१, सामरवरणी
पुन्हा जळजळ. लघवीला बसलं की डोळे भरून येतात. कारखान्यात पॅकिंगमध्ये आम्ही सगळ्या बायका, संडास एकच, त्याला कुलूप आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात. मागितली की म्हणतो, "फरीथी, बेन? परत? घरून जाऊन येत जा ना." मशीनवरची पोरं हसतात. म्हणून कामाची पाळी संपेतो पाण्याला शिवत नाही. चहा तेवढा होतो, झोप उडवायला.

११ एप्रिल
लघवीत रक्त. घाबरले. शेजारच्या टेबलावरची सुशी, आमच्या धुळ्याकडचीच, म्हणाली, "उष्णता आहे माय. धने-जिरं भिजवून पी."
पिऊ, पण जाऊ कुठे?

१२ एप्रिल
ताप. सिल्वासाला डॉक्टरकडे, हे सोबत. डॉक्टर चिडले. "पाणी प्यायचं नाही, वर तुंबवून ठेवायचं. जंतू वाढणारच. भरपूर पाणी प्या, लागली की लगेच जा. चहा कमी. ठेचा-लोणचं सध्या बंद."
लगेच कुठे जाऊ, विचारलं. त्यांनी गोळ्या लिहिल्या.
घरी हे म्हणतात, "चहाची खोडच वाईट तुझी." खोड! हे त्याच कारखान्यात मशीनवर. ह्यांना लागली की भिंतीमागे जाऊन येतात.

१८ एप्रिल
बरं आहे. पाणी पिते. आज परत किल्ली मागितली तर तो मोठ्यानं, "बेन, नळ गळतो काय?"
सगळे हसले. हे तिथेच होते, खाली बघत. हसले नाहीत, एवढंच.

२० एप्रिल
किल्ली घेतली ती परत दिलीच नाही. दाराशी खिळ्याला अडकवली. बायका एकामागून एक जाऊन आल्या. त्यानं येऊन काढून घेतली. म्हटलं, "द्या इकडे, नाहीतर इथंच बसते, सगळ्यांदेखत."
दिली. 

२२ एप्रिल
मॅनेजरनं ह्यांना बोलावलं. मला नाही. म्हणाला, बायकोनं सुपरवायझरची माफी मागितली तर ठीक, नाहीतर दोघंही घरी बसा.
हे म्हणतात, "माग ना. शब्दच तर आहेत."
"मग तुम्ही मागा. माझी. तिथेच होतात की."
हे न जेवताच झोपले.
सुशी सांगून गेली, आज तिनं किल्ली मागितली तर सुपरवायझर काही बोलला नाही, नुसती पुढे केली. असेल.
उद्या सकाळची पाळी. जाणार तर आहेच. त्याच्यासमोर उभं राहिल्यावर तोंडातून काय निघेल, माझं मलाच ठाऊक नाही.