तरवडाच्या फुलांचं तेल

देशपांडे नगर, हुबळी
शनिवार

प्रिय दीक्षा,

जयभीम. पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर तू ‘जेवलात का’ विचारतेस आणि मी पावसाचं सांगते, म्हणून लिहायला बसले. दोन महिने झाले, तू आली नाहीस. यशपालपासून घटस्फोटाचा कागद हातात पडल्यावरही महिन्यातून एका रविवारी तू माझ्याकडे येत राहिलीस, त्यामुळे शेजारची लक्कव्वा अजून विचारते, ‘सोसी बरलिल्लेन?’ सून आली नाही का म्हणून. मी सांगते, नोकरी आहे बेळगावात, सुट्टी मिळत नसेल. तू का येत नाहीस ते मला कळलंय. पण ते लिहायला हात धजत नाही, आधी तेलाचं सांगते.

तरवड यंदा असा फुललाय की नवलूरच्या पुढचा माळ पिवळाधमक झालाय. चिगरी बसनं गेले, पिशवीभर फुलं खुडली, सुपात पसरून सावलीला सुकवली आणि खोबरेलात घालून मंद आचेवर ठेवली. इथवर सगळं नेहमीसारखं. फुलात पाणी असतं तोवर तेल तडतडतं आणि तडतड थांबली की उतरवायचं, हे आईनं मला शिकवलं तेव्हा माझे कान शाबूत होते. पुढं मला ऐकू येईना आणि तू कढईशी कान देऊन बसायला लागलीस. ‘अजून बोलतंय, आत्या,’ म्हणायचीस, मग ‘गप्प झालं,’ की मी गॅस बंद करायची. गल्लीभर बढाई मात्र माझी, की तेल काढावं तर जनाबाईनं.

यंदा अंदाजानं उतरवलं. यशपालनं बंगळूरहून कानाचं मशीन पाठवलंय, ते घातलं तर पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली. आठवड्यात बाटलीत बुरशी धरली आणि वास असा सुटला की लक्कव्वाचं मांजरसुद्धा दाराशी फिरकेना. ओतून दिलं. पुन्हा माळ, पुन्हा फुलं. दुसऱ्या खेपेला लक्कव्वालाच कढईपाशी बसवलं. ‘इन्नू चटचट अंतैति, अक्का’, अजून तडतडतंय, असं म्हणता म्हणता तिनं टीव्हीवरच्या मालिकेची अख्खी गोष्ट सांगून टाकली. गाळताना फडक्याचं दुसरं टोक तू धरायचीस, दोघी उलटसुलट पीळ द्यायचो. ते टोक मी खिडकीच्या गजाला बांधलं. तेल चांगलं उतरलं, रंगही आला. पण लक्कव्वा घरी गेल्यावर मी ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. फार एकटं वाटलं गं.

यशपाल बरा आहे. नवी सून गोड बोलते. केस बारीक कापलेत, तेल लावत नाही, तिचं ती. मी तिला नावं ठेवत नाही. तुमचं दोघांचं पटलं नाही, तुम्ही दोघांनी सह्या केल्या. माझी सही कुणी मागितली नाही आणि मी दिलीही नसती. मोडलेल्या संसारातली सून सासूच्या पायाशी बसून डोक्याला तेल घालून घेते, हे अख्ख्या हुबळीत कुणी पाहिलं नसेल. लोकांनी तोंडं वेडीवाकडी केली. तुला फिकीर नव्हती, मला तर लोक काय बोलतात तेच ऐकू येत नव्हतं.

आता ते लिहिते. परवा तुझी बहीण शुभांगी कामावरून, कोप्पीकर रोडवरच्या दुकानातून, सुटली ती सरळ इथंच आली आणि रडली. अळणावरच्या सुरजचं स्थळ आलंय, माणूस सरळ आहे, तुलाही आवडलाय. पण तू त्यांना सांगितलंस, महिन्यातला एक रविवार मी हुबळीला आत्यांकडे जाणार. ते ऐकून त्याच्या आईनं बोलणी थांबवली. पहिल्या सासूकडे जाणारी सून कुणाला चालेल गं? तिच्या जागी मी असते तर मीही थांबवली असती. तुझ्या आईनं तुझं इकडे येणं बंद केलं, आणि तू तिकडे अट धरून बसलीस. वेडी कुठली. ती अट सोड. सुरजच्या आईला सांग, हुबळीचा संबंध संपला. मी मोठ्या मनाची आहे म्हणून हे लिहीत नाही. मला हे मुळीच नको आहे, रविवारी अजून हातून दोघींचाच भात टाकला जातो. पण माझी सत्तरी उलटली आणि तुझं सगळं पुढं आहे. माझ्यापायी तू एकटी राहू नकोस. एकटं राहणं काय असतं ते मला विचार. होकार दिलास की शुभांगीकडून निरोप धाड. तू स्वतः सांगायला येऊ नकोस. तुला दारात बघितलं, तर मी म्हणेन, अट सोडू नकोस.

तुझीच,
जना आत्या