वाखाणण्याजोगं काही

३ जून, सोमवार
टायपिस्टबाई शुक्रवारी रिटायर होणार. मानपत्र मी लिहावं, असं साहेब म्हणाले. साहजिकच. एका बैठकीत उरकीन.

दुपारी
शब्द ठरला : वाखाणणे. 'कौतुक' घरगुती, नातवानं दूध संपवलं तरी होतं. 'स्तुती' देवाची, नाहीतर साहेबांची. वाखाणायचं ते चारचौघांत, आणि कशाबद्दल ते सांगून. म्हणजे आधी गुण शोधणं आलं.

४ जून
बाईंवर लक्ष ठेवलं. सात मिनिटं उशिरा. चहा दोनदा. खिडकीतल्या कुंडीशी बोलतात. गुण : प्रकृती बरी.

५ जून
टायपिस्टबाई स्वतःच आल्या. म्हणाल्या, मॅडम, सव्वीस वर्षांत एकदाही बरं म्हणाला नाहीत. शुक्रवारी लेक-जावई येणार आहेत, त्यांच्यासमोर तुमच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकला की सुटले. मी म्हटलं, शब्दांना तोटा नाही हो, कारणं कमी पडतायत. कुंडीला पाणी घालायला निघून गेल्या. पटलं असावं.

संध्याकाळी
ड्राफ्ट ह्यांना वाचून दाखवला. म्हणाले, मानपत्र आहे की चार्जशीट? ह्यांना गद्य कळत नाही.

६ जून
चौथा ड्राफ्ट. दहा ओळी, समासात माझ्या शंका. टाइप करणारं दुसरं कुणी नाही, तेव्हा बाईंकडेच दिला. कागदावर असेल ते सगळं टाइप करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलंय. पुन्हा सांगायला नको.

७ जून
हॉल भरलेला. जावई फोटो काढत होता. टाइप केलेला कागद ऐन वेळी हातात आला. खणखणीत आवाजात सुरुवात केली : यांचे काम वाखाणण्याजोगे आहे. पुरावा? यांचा वक्तशीरपणा सर्वांनी वाखाणला. कोणी? खोटे वाटेल, काढणे.
इथे थांबायला हवं होतं. पण ओघात होते. लोक हसले. शिपाई तर तोंड दाबून बाहेर पळाला. लेक हसली नाही. टायपिस्टबाई उठल्या नि म्हणाल्या, राहू द्या मॅडम, घसा सुकेल.

टायपिंग मात्र निर्दोष. एक काना इकडचा तिकडे नाही. हे खरोखर वाखाणण्याजोगं. सांगायला खाली गेले, तर गाडी फाटकाबाहेर पडली होती.

मानपत्र खुर्चीवरच ठेवून गेल्या. विसरभोळेपणाचा मुद्दा माझ्याकडून राहूनच गेला.