उंदराला कोणी विचारलं?

३ ऑगस्ट २०२५, रविवार
पेपरात लेख. परदेशात माणसाच्या मेंदूच्या पेशी उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत घातल्या. पेशी जगल्या, वाढल्या. उंदराच्या मिशीला हात लावला की माणसाची पेशी जागी होते. दोनदा वाचला. कात्रण काढलं.

अमरावतीच्या दवाखान्यात यांच्या डोक्यातली गाठ काढली, तेव्हा मी कागदांवर सह्या केल्या होत्या. एका ठिकाणी विचारलं होतं, काढलेला भाग संशोधनासाठी वापरायला संमती आहे का. मी हो म्हटलं. पक्कं आठवतं. चौथ्या दिवशी हे गेले. अडीच वर्षं झाली.

मला विशेष काही वाटलं नाही. प्रश्न तात्त्विक आहे.

निश्चय : वर्षावासात विहारात या विषयावर वीस मिनिटं बोलायचं. दवाखान्याला पत्र लिहायचं. ओट्याखाली उंदीर झालाय, त्याचा बंदोबस्त करायचा.

५ ऑगस्ट
रश्मीला अमरावतीला फोन केला. लेक लॅबमध्ये टेक्निशियन आहे. म्हणाली, आई, आपल्या इकडं गाठ कोणी उंदरात घालत नाही. तपासाले पाठवतात, मंग नष्ट करतात. तू काहून हेच धरून बसून राहिली?
ती रक्त-लघवी तपासते. मेंदूचं तिला काय माहीत.

८ ऑगस्ट
मुद्दे काढले. माणसाला कागदावर विचारतात, उंदराला कोणी विचारलं? पेशी घातल्यावर तो किती उंदीर आणि किती माणूस? त्याला दुखलं तर ते कोणाचं दुखणं?
लॅबमधला उंदीर दोन-तीन वर्षं जगतो असं वाचलं. म्हणजे पत्राची घाई आहे. तात्त्विक घाई.

११ ऑगस्ट
शेजारच्या सबीहाभाभींनी पिंजरा दिला. लावला नाही. स्प्रिंग फार कडक आहे. शेपूट सापडली तर उगाच हाल.

१४ ऑगस्ट, सकाळी ६
ओट्याखाली भाकरीचा तुकडा आणि जवसाची चटणी होती, ती गेली. भेंडी तशीच. यांनाही भेंडी नको असायची. डब्यात दिली तर अकोला डेपोतून तशीच परत यायची. कंडक्टरकीच्या एकतीस वर्षांत एकदाही खाल्ली नाही.
भेंडी बऱ्याच जणांना नको असते.

२४ ऑगस्ट, रविवार
विहारात भाषण झालं. सुरुवात चांगली. आपण आत्मा मानत नाही, पुनर्जन्माच्या गोष्टी मानत नाही, तेव्हा हा विषय डोकं थंड ठेवून पाहू, असं म्हटलं. बायका ऐकत होत्या. मग पार्बताबाई मधेच उठल्या. ऐंशीच्या आहेत, थांबत नाहीत. म्हणाल्या, बाई, त्या उंदराले घरचं माणूस ओळखू येत असन काय वं?
मी म्हटलं, वेळ संपली. खाली बसले.
दहा मिनिटं शिल्लक होती.

२ सप्टेंबर
पत्र चौथ्यांदा लिहिलं. पहिली तीन लांब झाली. एकात जवसाच्या चटणीचा उल्लेख कसा आला कळत नाही. खोडला. चौथं मुद्द्याचं आहे : सदर पेशी कोणत्या प्राण्यात आहेत, त्याची व्यवस्था कशी आहे, पिंजऱ्याला खिडकी आहे का.
टाकलं नाही. तिकीट नव्हतं.

९ सप्टेंबर
पितृपक्ष. गल्लीत गच्चीगच्चीवर कावळ्यांना पानं. आमच्यात नाही. सासऱ्यांनी छप्पन सालीच सोडलं. मेलेल्या माणसाला आम्ही जेवू घालत नाही.
ओट्याखाली भाकर ठेवली ती उरली होती म्हणून. उरलेलं फेकायचं कशाला.

१६ सप्टेंबर, दुपार
सबीहाभाभी पिंजरा मागायला आल्या. ओट्याखाली बशी दिसली. म्हणाल्या, भागीरथाबाई, चूहा पाल के रखा क्या? बशी में खाना? अब नाम बी रख दो.
मी म्हटलं, निरीक्षण चालू आहे.
त्या हसल्या. मग हसायचं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. पिंजरा न्यायचा विसरल्या.

२५ सप्टेंबर, गुरुवार. रात्री
पत्राने काम होणार नाही, स्वतः जायचं ठरवलं. सकाळच्या एसटीने अमरावती. बायकांना अर्धं तिकीट. यांनी माझ्याकडून पूर्ण घेतलं असतं, ओळखही दाखवली नसती.
रश्मी स्टँडवर आली होती. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात देवानंद नावाचा कर्मचारी. त्याला मी मुद्दे सांगितले. त्याने ऐकून घेतले, फाइल काढली, बोट ठेवलं. म्हणाला, मावशी, तुमी तर नाही म्हटलं हाय.
संशोधनासाठी संमती. हो. नाही. नाहीवर टिक. खाली माझी सही. पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता.
त्याने दुसरा कागद दाखवला. तपासणी झाली, उरलेला नमुना नियमाप्रमाणे नष्ट. तारीख होती. मी ती उतरवून घेतली नाही.
मी म्हटलं, मला फक्त नियम बघायचे होते.
बाहेर रश्मीने चहा घेतला, मी घेतला नाही. ती म्हणाली, आई, मले वाटते तू भ्याली असशीन. बाबाले कोणी हात लावू नये म्हणून नाही म्हटलं असन.
असेल. आठवत नाही. हो म्हटल्याचं मात्र अजून आठवतं.

२६ सप्टेंबर
पिंजरा सबीहाभाभींना परत केला.
कात्रण चुलीत टाकणार होते. गॅस आहे, चूल नाही. पुन्हा वहीत ठेवलं.
संध्याकाळी एकटीपुरत्या दोन भाकरी केल्या. दोन्ही खाल्ल्या. काही उरलं नाही.
उरावी म्हणून तिसरी तव्यावर टाकली.