हे मृत्युपत्र पेंढ्याच्या पुतळ्याचे नव्हे

मी, येरोलिम मातुलान, वय बावन्न, धंदा न्हावी, आणि धंद्याबाहेर कवी व नाटककार, राहणार लुचित्सा, हे माझ्या हाताने, कोणी भरीस न घालता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दक्षिणेचा दमट वारा सुटला की आमच्या बेटावर शहाणा माणूस महत्त्वाच्या कागदावर सही करत नाही, म्हणून तो पडेपर्यंत मी थांबलो. आज सकाळपासून उत्तरेचा कोरडा वारा आहे. शंका असल्यास दाराबाहेर येऊन खात्री करावी. सोमवारी झाग्रेबला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघतात.

आधी एक खुलासा. फेब्रुवारीत, ईस्टरआधीचा मोठा उपवास लागण्याच्या आदल्या संध्याकाळी, आमचे गाव वर्षभराची सगळी पापे एका पेंढ्याच्या पुतळ्यावर ढकलते आणि त्याला धक्क्यावर जाळते. जाळण्याआधी त्याचे मृत्युपत्र चौकात वाचले जाते: अमक्याला माझी फाटकी विजार, तमकीला माझी जीभ. ही मृत्युपत्रे तरुणपणापासून मी लिहीत आलो. खुर्चीत मान मागे टाकली की माणूस सगळे सांगून मोकळा होतो, त्यामुळे मजकुराला तोटा नाही. वाचतो मात्र शेजारचा पाववाला लुक्शा, कारण त्याचा आवाज मोठा. टाळ्या त्याला. सध्याचा कागद त्यातला नाही. यंदा पुतळ्यासाठी मी ओळही लिहिलेली नाही आणि लिहिणार नाही.

कलम १. घर, मागची अंजिरांची जागा आणि बँकेत असेल ते सर्व माझी विधवा बहीण दोब्रिला हिला. ती म्हणते, "दादा, मला घर नको, तू वेळेवर जेव." तरी घर तिलाच. तळघरातले गोड द्राक्षमद्य माझ्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी उघडू नये. पाहुणे घाई करतील. करू देत.

कलम २. आरसे, खुर्ची आणि सर्व वस्तरे, जर्मन वस्तऱ्यासह, स्प्लिट शहरातल्या मामेभावाला. खुर्ची वर करायचे डावे पेडल दाबताना आधी किंचित उचलावे लागते. हे त्याला पूर्वीही सांगितले होते, त्याने ऐकले नाही.

कलम ३. माझ्या कविता. त्यातली सार्डिन मासे खारवणाऱ्या बायकांवरची कविता एका प्राध्यापकांनी माझ्याकडून ऐकली आणि मासिकात छापली. खाली लिहिले: "लोकगीत. सांगणारा, बेटावरील एक न्हावी." ती लोकांची नाही. ती माझी आहे, प्रत्येक ओळ तीनतीनदा घासलेली. मी चार पत्रे पाठवली. एकाचे उत्तर आले: लोकगीताला कर्ता नसतो. माझ्या थडग्याच्या दगडावर नावाखाली ती कविता पूर्ण कोरावी. मग प्राध्यापकांनी येऊन म्हणावे कर्ता नसतो म्हणून.

कलम ४. माझे नाटक, "तिसरे ताट". हे सर्वांत महत्त्वाचे. नवरा चिलीला गेला आणि परतला नाही, तरी रोज त्याचे ताट मांडणारी एक म्हातारी मरताना कोणाला काय द्यायचे ते सांगते. शहरातले एक दिग्दर्शक म्हणाले, "उत्तम आहे. फक्त हे गावठी बोलणं काढा, आणि शेवटी नवऱ्याला परत आणा." मी म्हणालो, "तो तिकडेच मेला, मी कुठून आणू?" विषय संपला.

मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी ते आमच्या सभागृहात स्वतः वाचायला घेतले. सगळे गाव आले. पहिल्याच पानावर म्हातारी म्हणते, "माझा काळा रुमाल थोरल्या सुनेला." हशा. फेब्रुवारीत येरोलिमचे मृत्युपत्र, म्हणजे पुतळ्याचेच, असे धरून बसले. लुक्शा मागून म्हणाला, "आणि मला काय रे? तिची कोंबडी?" मग जो तो आपला वाटा मागू लागला. दुसऱ्या पानावर मी कागद मिटले. अकरा वर्षांचे काम, आणि पुढचे कोणी ऐकले नाही.

म्हणून दोब्रिलाने हे नाटक एकदा तरी, शेवटपर्यंत, आमच्याच बोलीत, याच गावात करवावे. ऑलिव्ह उतरवून झाल्यावर, नोव्हेंबरात. फेब्रुवारीत कदापि नाही.

कलम ५. साक्षीदारास या कागदातून काही मिळू नये असा कायदा आहे. तो मी स्वतः वाचला आहे. साक्षीदार लुक्शा व पोस्टातील पेरिना.

पुरवणी, त्याच दिवशी.

वरील कागद सहीसाठी लुक्शाकडे दिला. त्याने तो पाव विकण्याच्या आवाजात वाचायला घेतला आणि पहिल्या परिच्छेदातच खिदळू लागला. "झकास! आजवरचा सगळ्यात भारी. पुतळा भरायला घेऊ का?"

"गाढवा, हे माझं आहे."

"दरवर्षी तुझंच असतं की."

चौथ्या कलमापाशी त्याचा आवाज उतरला. म्हणाला, नाटक दाखव. पिठाच्या हातांनी, उभ्यानेच, दुसऱ्या पानापुढे मनात वाचत गेला. शेवटी म्हणाला, "हे माझ्या आईचं बोलणं आहे."

"खुर्चीत बसून तूच सांगितलंस."

"मग त्या दिवशी थांबलास का?"

"हसत होतात तुम्ही."

"हसत होतो. पण बंद कर म्हणालो का कुणी?"

हा प्रश्न मला अजून खुपतो आहे.

त्याने पेन खाली ठेवले. "साक्षीदाराला काही मिळत नाही ना? मग मी सही करत नाही. मला नाटकातली म्हातारी पाहिजे."

"या मिशीवर रुमाल बांधलास तर लोक लोळतील."

"लोळू देत. मिशी तू काढ, परत आल्यावर. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

सबब दुरुस्ती: म्हातारीची भूमिका लुक्शास देत आहे. अट एकच. लोक कितीही हसले तरी दुसऱ्या पानावर थांबायचे नाही. तसेच कलम २ मधून जर्मन वस्तरा वगळला आहे. तो धार लावून दुकानातच ठेवला आहे.

सही: येरोलिम मातुलान

साक्षीदार:
१. ~~लुक्शा~~ (खोडले, लाभार्थी झाल्याने). त्याऐवजी बर्तुल, दीपगृहाचा रखवालदार
२. पेरिना, पोस्ट कचेरी

लुचित्सा, १२ फेब्रुवारी १९७१. वारा उत्तरेचा.