पहिली ओळ

सर, तुमचा तो एका अक्षराचा प्रोग्राम काल माझ्या घरात आला. पोरगी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसली होती, मी मेथी निवडत होते, मान वर केली तर समोर तेच. तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असायची, आता रंगीत आहे. पण ते बाणाचं टोक तसंच, आपण काहीतरी लिहू म्हणून वाट बघत बसलेलं. पोरगी एका दवाखान्याच्या ऑफिसात पेशंटची माहिती भरते, तिला तिथं हे शिकवलंय. तिनं फाइल उघडली, वरच्या पाच-सहा ओळी आल्या, त्यात दोन जागी एनए. मी म्हटलं, "तिथं उत्तर मिळालं नाही वाटतं." ती माझ्याकडं बघतच राहिली, जशी काय कढई बोलली. "मम्मी, तने केवी रीते खबर?" ती माझ्याशी गुजरातीत बोलते, मी मराठीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. म्हटलं, मला कसं ठाऊक ते सोड आणि कांदा चीर. पण मेथी माझ्या हातात तशीच राहिली. म्हणून आज लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं लिखाण आहे, ऱ्हस्व-दीर्घ बघू नका. तुम्हाला ती खोड होती.

उधन्याची तुमची खोली मला अजून दिसते. तुम्ही कॉलेजातून रिटायर झालेले, आकड्यांचे मास्तर. मी तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीसची, लिंबायतच्या गल्लीत राहणारी, नवरा लूमवर, मी घरी साडीला टिकल्या लावणारी. एका ट्रस्टला लहान पोरांचा फुकट दवाखाना काढायचा होता. एकच. लिंबायत, भेस्तान नाहीतर बमरोली. जिथं तान्ही पोरं जास्त जातात तिथं काढायचा, आणि ते कुठं हे तुम्ही मोजून सांगायचं. बाकी दोन ठिकाणी कॉलेजच्या मुली फिरल्या. आमच्या खानदेशी बाया त्या मुलींना दारात उभं करीनात, म्हणून तुम्ही मला धरलंत. मला वाटलं, माझ्यात काहीतरी बघितलंत. नंतर कळलं, माझ्यासाठी दार उघडतं एवढंच बघितलं होतं.

तरी शिकवलंत, ते नाकारत नाही. फॉर्मवरचे आकडे कॉम्प्युटरात भरायचं तुम्ही मलाच दिलं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, याचं नाव काय?" तुम्ही एक इंग्रजी अक्षर सांगितलंत. मी म्हटलं, "आणि बाकीचं नाव कुठं गेलं?" तुम्ही एवढे हसलात की आतून काकू बघायला आल्या. मग मी विचारलं, फुकट कसं मिळतं, चोरीचं आहे का? तेव्हा तुम्ही चष्मा काढलात. चष्मा काढला की तुमचं भाषण सुरू व्हायचं. "बाई, हे उघडं आहे. आत काय लिहिलंय ते जगात कुणीही वाचावं. चूक सापडली तर पत्र टाकावं. ज्याची चूक असेल तो सगळ्यांसमोर म्हणतो, माझी चूक, आणि दुरुस्त करून पुन्हा सगळ्यांना वाटतो. यात लाज नाही." तुम्ही ती पत्रं छापून ठेवली होती, कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांची. मी म्हटलं, "आमच्या गल्लीत चूक कबूल केली तर खोली बदलावी लागते." तुम्ही पुन्हा हसलात. दिवाळीला काकूंनी चिवडा दिला आणि तुम्ही त्या प्रोग्रामची सीडी दिलीत, वर तुमच्या अक्षरात लिहिलेलं, "कुणालाही द्या." माझ्या घरात कॉम्प्युटर नाही, देऊ कुणाला? शेजारीण म्हणाली, खिडकीला बांध, कबुतरं येणार नाहीत. नाही बांधली. अजून आहे.

आता फॉर्मचं. तुम्ही म्हणालात, आधी स्वतःचा भरा, म्हणजे दुसऱ्याला विचारताना काय होतं ते कळेल. तुमच्या टेबलाशी बसून मी भरला. फॉर्म नंबर एक. पोरं झाली किती, हयात किती, गेली किती. तुम्ही शेजारी उभे, काकू चहा घेऊन उभ्या. मी भराभरा लिहिलं आणि उठले. मग गल्लीत फिरले. झाली किती, हयात किती, हे बाया पटकन सांगायच्या, बोटांवर मोजून, मांडीवरचं धरून. तिसऱ्या प्रश्नाला तोंड फिरायचं. कुणी म्हणायची, "जाऊ दे माय, ते नको इचारू." कुणी उठून दूध बघायला जायची, चुलीवर दूध नसताना. मला धीर कुठला! मी म्हणायचे, बोल लवकर, अजून वीस घरं आहेत. नाही बोलली की मी चौकोनात शून्य टाकायचे आणि पुढचं दार.

का टाकायचे ते तुम्ही नंतर विचारलंत, आणि उत्तर ऐकून घ्यायला थांबला नाहीत. आता ऐका. लग्नाआधी मी बमरोलीला बॉबिन भरायला जायचे. पाळी सुटताना चिठ्ठी भरायची, एकेका मशीनचा एकेक चौकोन. मशीन बंद असली तरी शून्य लिहायचंच. चौकोन रिकामा सोडला की हिशेबाचा मेहताजी त्यात मनाला येईल ते भरायचा आणि सही आपली असायची. पहिल्या आठवड्यात तिथल्या म्हातारीनं माझ्या हातावर फटका मारून सांगितलं होतं, "खाली जागा सोडू नको पोरी, दुसरा भरतो." ते माझ्या हाडात गेलेलं. कॉलेजच्या मुलींना असला फटका कुणी मारला नव्हता. उत्तर नाही मिळालं तर त्या चौकोन सोडून द्यायच्या.

अहवाल गेला. दवाखाना भेस्तानला ठरला. मी तुमच्या खोलीत येऊन म्हटलं, "सर, आमच्या गल्लीत काय कमी पोरं गेली? मी राहते तिथं." तुम्ही म्हणालात, आकडे तसं सांगत नाहीत, आणि दाखवायला फाइल उघडलीत. आधी भेस्तानच्या ओळी काढल्यात, त्यांत मधे मधे एनए. मी विचारलं, हे काय. "उत्तर मिळालं नाही. ती घरं तेवढ्यापुरती हिशेबातून बाजूला काढायची." मग आमच्या ओळी आल्या. शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य. एकही एनए नाही. तुम्ही पडद्याकडं बघत राहिलात, मग माझ्याकडं वळलात. "बाई, या सगळ्यांनी खरंच 'एकही नाही' असं सांगितलं?" मी म्हटलं, "सांगितलं नाही. म्हणून तर शून्य." तुम्ही कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवलात. "जे माहीत नाही ते शून्य नसतं! गेलेली पोरं तुम्ही पुसून टाकलीत!" काकू दारात आल्या आणि मुकाट्यानं परत गेल्या.

मग आपण दोन दिवस बसलो. गठ्ठा तुमच्या हातात, तुम्ही नंबर वाचायचात, मी आठवून सांगायचे. ही बोलली नाही, एनए लिहा. ही खरंच नाही म्हणाली, शून्य राहू द्या. प्रत्येकीचं तोंड मला आठवत होतं. सगळ्यात वर माझा फॉर्म होता. नंबर एक. तुम्ही विचारलंसुद्धा नाही. "हा तर तुमचाच, हा बरोबर असणार," म्हणालात आणि उलटा ठेवलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही पुन्हा तो हिशेब चालवलात. एक ओळ टाइप केली, एक बटण दाबलं, बस. तिघांत आमची गल्ली सगळ्यात वाईट निघाली. प्रिंटर कर्कर करत होता आणि मी मनात दवाखान्याची जागासुद्धा बघून ठेवली, रेशनच्या दुकानाशेजारचा गाळा. तुम्ही कागद फाडलात, दोनदा वाचलात, घडी केलीत आणि ड्रॉवरमध्ये टाकलात.

"हा कधी द्यायचा, सर?"

"अहवाल गेलाय, बाई. त्यांनी जागा घेतली, पाटी रंगवायला दिली. आता मी जाऊन काय सांगू? माझी मोजणी चुकली म्हणून?"

"हो. तेच सांगा. ते परदेशातले सांगतात तसं."

"ते सॉफ्टवेअर आहे. हा माणसांचा कारभार आहे."

मी काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल, मला लिहायला लाज वाटत नाही. म्हटलं, चूक माझी आहे ना, मला न्या, मी त्यांच्यासमोर बोलते. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला कोण आत घेणार?" एवढं बोलून चष्मा पुसत बसलात. त्या दिवशी मी ती पायरी उतरले, परत चढले नाही.

पुढच्या पावसाळ्यात शेजारणीच्या पोरीला जुलाब लागले. रिक्षा करून भेस्तानला नेली तर डॉक्टर निघून गेलेला. परत आणली, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली. तिसऱ्या दिवशी नेण्यासारखं काही राहिलं नाही. तिची आई ओट्यावर बसली होती, मी पाणी घेऊन गेले तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "तूच लिखी लई गयती ना?" एवढंच. लिहून नेलं होतं मीच, पण तिला तुमचा ड्रॉवर माहीत नव्हता. मला माहीत होता. दिवाळीनंतर तुम्ही गेल्याचं कळलं. लोक म्हणाले, झोपेतच गेले, भाग्याचा माणूस. मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले. इतकी वर्षं मी तुम्हाला एकच शिवी देत आलेय, की जगाला उघडं ठेवा म्हणून शिकवणारा माणूस स्वतः ड्रॉवर बंद करून बसला. ती शिवी मागं घेत नाहीये. घेणारही नाही.

पण काल पोरीनं फाइल उघडली आणि वरच्या ओळी आल्या, तशा तुमच्याकडंही रोज यायच्या. रोज सगळ्यात वर मी. झाली दोन, हयात एक, गेली शून्य. तुम्ही एवढे आकड्यांचे मास्तर, दोनातून एक गेला की किती राहतो ते तुमच्या डोळ्यासमोर होतं, आणि तुम्हाला दिसलं नाही. की दिसलं आणि विचारलं नाही? हे मी आजवर ठरवू शकले नाही. बाकीच्या बायांसाठी मी बॉबिनच्या चिठ्ठीचं कारण सांगते, ते खरं आहे. माझ्या ओळीला ते लागू नाही. मला उत्तर ठाऊक होतं. मुलगा होता, चार महिन्यांचा, या पोरीच्या आधीचा, गावी असताना तापानं गेला. काकू चहा घेऊन उभ्या होत्या आणि मला ते काम हवं होतं, रडणारी बाई तुम्ही ठेवली नसती. त्या दोन दिवसांत तुम्ही फॉर्म उलटा ठेवलात तेव्हा मला बोलता आलं असतं. मी म्हटलं, "पुढचा घ्या, सर."

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये. त्या सीडीच्या डबीत घडी करून बसतं का बघते. पोरीला अजून सांगितलेलं नाही की तिला भाऊ होता. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. फॉर्म नंबर एक, तिसरा चौकोन. तिथं शून्य नको, एनए पण नको. एक लिहा.