रद्दचे कागद

९ जानेवारी, गुरुवार

हा जिना कुठे जातो? मला माहीत नाही.

ग्रंथालयाच्या इमारतीचा मंजूर नकाशा, पत्रक सात. तळमजला, वाचनकक्षाची मागची भिंत, आणि तिच्यापासून खाली उतरणाऱ्या अकरा पायऱ्या. दोनदा मोजल्या. बाजूला बाण, बाणापाशी सुबक अक्षरात 'खाली'. पण आमच्या ग्रंथालयाला तळघरच नाही! याच वाचनकक्षात बसून मी पदवी घेतली. त्या भिंतीला टेकून डुलक्याही काढल्या आहेत.

दुपारच्या सुट्टीत टेप घेऊन गेले. भिंत इकडून तिकडून ठोकून पाहिली. सगळी भरीव. ग्रंथपाल म्हणाले, "काय हरवलं?" म्हटलं, "जिना." ते चष्म्यावरून बघतच राहिले.

१० जानेवारी, शुक्रवार

बाबा जेवताना म्हणाले, "साहेब, तुम्ही ऑफिसात नक्की करता काय, ते एकदा सांगा. टेम्पो स्टँडवर सगळे विचारतात, मी आपलं 'मोठं काम आहे' म्हणून वेळ मारून नेतो."

मग ताटाशेजारी बोटाने रेघा ओढून सांगितलं. विद्यापीठाच्या प्रत्येक इमारतीचे जुने नकाशे बांधकाम विभागात आहेत. मंजुरीची सही असलेला नकाशा स्कॅन करायचा, यादीत चढवायचा, सपाट खणात ठेवायचा. 'रद्द' शिक्का असलेला रद्दीत टाकायचा. असे तीन गठ्ठे डिसेंबरात लगद्याच्या कारखान्यात गेलेसुद्धा. आमच्या विभागप्रमुख मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "सहा वर्षं कुणाला जमलं नाही ते या पोरीने सहा आठवड्यांत केलं!"

"म्हणजे आमची पोर कागद जपते," आई म्हणाली.

"आणि फाडतेसुद्धा," धाकटी म्हणाली. तिला टपली दिली.

१३ जानेवारी, सोमवार

ग्रंथालयाची सगळी पत्रकं एकाच हाताची आहेत. झाडं काढायची गरज नसताना काढली आहेत, आणि एकही झाड दुसऱ्यासारखं नाही! उत्तर दिशेच्या बाणाला माशासारखं शेपूट. कोण असेल हा माणूस? शिपाईदादा म्हणाले, "कोण म्हणजे? आमचे आरेखक आजोबा. आहेत अजून. पत्ता देतो, पण लवकर सुटका होईल असं समजू नका."

१६ जानेवारी, गुरुवार

रजा टाकून गेले. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी उतरतं टेबल, त्यावर औषधांच्या बाटल्या एका रेषेत. पत्रक सातची प्रत पुढे ठेवली. आजोबांनी आधी झाडं पाहिली. मग हसायला लागले.

"जिना शोधतेस होय! अगं, खणलं तर पाणी लागलं. जिना जागेवर गाळला, कागदावर राहिला."

"पण हा तर मंजूर नकाशा!"

"मंजूर नकाशा साहेबांचा. त्यात बदल करायचा तर पुन्हा मंजुरीला पाठवा, सहा महिने गेले. मिस्त्री काय सहा महिने थापी घेऊन बसणार? मंजुरीच्या आधीच्या फेरीतली रद्द झालेली प्रत असायचीच. तिच्यावर लाल पेन्सिलीने लिहायचो, खरं काय बांधलं ते. ती प्रत फायद्याची. सहीचा कागद भिंतीवर लावायचा, बाळा. रद्दचा कामाला घ्यायचा."

चहा पुढे आला होता. तो तसाच ठेवून मी उठले.

१७ जानेवारी, शुक्रवार

आठ वाजता दप्तर उघडायला लावलं. उरलेले रद्दचे गठ्ठे सोडले. ग्रंथालय, पत्रक सात: जिन्यावर लाल फुली. 'पाणी लागले. जिना गाळला. भराव केला.' तेच सुबक अक्षर! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग मंजूर नकाशांची यादी उरलेल्या गठ्ठ्यांशी ताडून पाहिली. गेलेले तीन गठ्ठे कोणते?

मुलींचं वसतिगृह. अख्खं.

त्याच वसतिगृहावर मार्चपासून नवा मजला चढणार आहे. अभियंतासाहेब गेल्याच आठवड्यात माझ्याकडून मंजूर नकाशे घेऊन गेले. "किती नीट ठेवलंयस!" म्हणाले. आणि मला आठवतंय, रद्दीत टाकलेल्या पायाच्या पत्रकावर लाल रेघा होत्या. कुणीतरी गिरगटलंय म्हणून मी नाक मुरडलं होतं. वाचलं नव्हतं. वाचायला एक मिनिट लागलं असतं!

कारखान्यात फोन केला. "डिसेंबरचा माल? ताई, त्याचा पुठ्ठा होऊन बाजारात गेला."

१८ जानेवारी, शनिवार

आजोबांना फोन. वसतिगृहाचा पाया?

"मागच्या बाजूच्या खांबांना काहीतरी केलं होतं. खडक वर लागला म्हणून खोली कमी केली... की माती भुसभुशीत म्हणून वाढवली? नाही आठवत गं. आठवणार नाही म्हणूनच तर लिहून ठेवायचो."

१९ जानेवारी, रविवार

धाकटी यंदा बारावी. पुढच्या वर्षी तिला त्याच वसतिगृहात खोली मिळावी म्हणून आई आत्तापासून विचारते आहे.

२० जानेवारी, सोमवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटलं.

"नोंदवहीत काय लिहिलंय?"

"रद्द नकाशे, तीन गठ्ठे."

"इमारतीचं नाव?"

"नाही."

"मग झालं तर! कुणाला कळणार? नियम मी दिला, तू पाळलास. उद्या चौकशी लागली तर माझी निवृत्ती अडकेल आणि तुझ्या कंत्राटाची मुदतवाढ. ती याच टेबलावर आहे, बघ, फक्त सही बाकी आहे. घरात पहिली शिकलेली तू. वडिलांना काय सांगशील?"

"पण मॅडम, मजला चढला आणि..."

"काही होत नाही गं. इतकी वर्षं उभी आहे ना इमारत? उद्यापर्यंत शांतपणे विचार कर."

त्या वाईट नाहीत. मला पाणी दिलं, डोळे पुसायला स्वतःचा रुमाल दिला. मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आले.

२१ जानेवारी, मंगळवार

पत्र काल मॅडमकडे जाण्याआधीच आवक खिडकीवर दिलं होतं. एक प्रत कुलसचिवांना, एक अभियंतासाहेबांना. वसतिगृहाचे खरे नकाशे माझ्या हातून नष्ट झाले, पाया खणून तपासल्याशिवाय वर एक वीटही चढवू नये, खाली माझं पूर्ण नाव. मॅडमसमोर बसल्यावर माझी हिंमत टिकेल याची मला खात्री नव्हती.